पायांचा रंग

ऑकलंड विमानतळावर बाहेरची माती देशात येऊ नये म्हणून बूट तपासतात, त्या रांगेत माझ्यापुढे एक मराठी जोडपं होतं. नवऱ्याचे बूट चिखलाने माखलेले.

“अस्मिता, चिखल कुठला विचारलं तर काय सांगू?”

“खरं सांग. आफ्रिकेत कॅम्पमध्ये तित्तिरामागे धावलो आणि पडलो.”

“पायांचा रंग बघायचा होता गं. लाल म्हणजे एक जात, काळे म्हणजे दुसरी. एरवी मला सगळे सारखेच दिसतात.”

“मग दिसला रंग?”

“पडता पडता काळा वाटला. आपल्या हॅमिल्टनच्या पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर तसं ठणकावून कळवलंयसुद्धा.”

“सुयश, लाल आहेत. तू पडलास तेव्हा मी फोनवर फोटो काढला. हा बघ.”

“अरे, किती स्वच्छ आलेत पाय. माझ्या एवढ्या मोठ्या लेन्समध्ये नुसतं गवत आलं.”

“इथेही गवतच होतं. मागे तुझं टक्कल आलं म्हणून पाय उठून दिसले.”

“मला कापून टाकता येईल का फोटोतून?”

“मग पायही जातील.”

“राहू दे. असाच टाक ग्रुपवर. खाली लिही, ओळखायचाय तो पुढचा.”