घमेल्यातला राब

माझं माहेर खालापूरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याला, आन् सासर हे नेरळचं. तुमी बसा ताई, पंखा लावते, आन् लिवा खुशाल, पण मी सरळ एका रेघेत नाय बोलायची, आमच्याकडं बोलायला लागलं की बांधाबांधानं फिरून येतात माणसं. मी लगीन होऊन आले तवा ही बिल्डिंग नव्हती. तुमी आता जिथं बसलाय ना, त्याच्या बरोब्बर खाली आमचं विहिरीकडचं भाताचं खाचर व्हतं. जमीन बिल्डरला दिली, बदल्यात हा फ्लॅट मिळाला, म्हंजे आमी आमच्याच शेताच्या डोक्यावर तिसऱ्या माळ्यावर राहतो. हसा, हसा, मी बी पहिली हसायची.

आमच्या सासरी एक रीत व्हती, एकदा भाताची लावणी चालू झाली की ती संपल्याबिगर घरातलं माणूस दुसऱ्या गावाला जायचं नाय. लग्न असू दे नायतर बारसं, कोण हलायचं नाय. मी नवी सून, आन् ऐन लावणीत माहेरून सांगावा आला की बाप आजारी हाय. सासू बोलली, रीत म्हंजे रीत. मी चिखलात वाकून रोपं लावते आन् डोळ्यांतलं पाणी तिथंच गळतंय. तवा आमचे मामंजी, म्हंजे सासरे, दुपारची भाकरी खायला बी बांधावर आले नायत, स्वतःचं लावून माझ्या वाटणीचं बी लावत सुटले, लावणी आटोपली आन् मला स्वतः माहेरी नेऊन सोडलं. बाप भेटला मला. त्या माणसासाठी मी आज जीव तोडते ना, ते का, हे तुमाला कळावं म्हणून सांगितलं.

तर सासू वारली, आन् मंग मामंजींचं डोकं हळूहळू रितं व्हायला लागलं. पहिलं चष्मा कुठं ठेवला ते, मंग माझं नाव, मंग शेत विकलं तेच विसरले. डॉक्टर बोलले, हा विसरायचा रोग हाय, वाढतच जाणार, याला माणसांत ठेवा, हातांना काम द्या. घ्या! तिसऱ्या माळ्यावर हातांना काय काम देऊ, फरशी नांगरायला लावू? मी घरात तांदळाच्या भाकऱ्यांच्या ऑर्डरी घेते, ह्यांची नोकरी रसायनीला, पोरगी प्राजू शाळेत. दिवस कसा बी जायचा, पण तिन्हीसांजा झाल्या की म्हातारा उठायचा, धोतर वर खोचायचा आन् बोलायचा, खाचराचं पाणी बघून येतो गं. मामंजी, तुमी शेतावरच हाव, असं सांगितलं तर माझ्याकडं असं बघायचे की मलाच खूळ लागलंय. कडी लावली तर दार बडवायचे, लहान पोरावानी रडायचे. कडी काढली की गायब. काय सांगू तुमाला, भाकरी तव्यावर करपतेय आन् मी अनवाणी जिन्यावरून पळतेय, माझं बीपी वाढलं, कुठं आरडावं तेच कळेना.

एकदा रेल्वेच्या रुळाच्या कडंला सापडले. त्या दिवशी आमचे हे जेवले नाय. मंग बोलले, खोपोलीच्या पलीकडं आश्रम हाय, अशाच माणसांना सांभाळतात, अजून एकदा काय झालं तर बापाला तिथं नेऊन सोडणार, मला काय बोलायचं नाय. त्यांचं पण काय चुकलं, सांगा. बाप रुळावर गेला असता तर? पण मला माहीत व्हतं, तिथं नेला की हा माणूस महिन्याभरात संपणार. हातपाय चालतात म्हणून जगतोय तो.

आन् त्यानंतर म्हातारा एकदा थेट कर्जतला पोचला. कसा पोचला देव जाणे. तिथल्या वाचनालयाच्या पायरीवर बसला, खिशात मी नंबराची चिठ्ठी शिवलेली, त्यावरून तिथल्या बाईंनी फोन केला. मी पळत गेले. बाईंनी चहा पाजलेला, वर्तमानपत्र हातात दिलेलं, म्हातारा ते उलटं धरून मजेत वाचतोय. मी तिथंच मटकन बसले आन् रडले, परक्या बाईपुढं, लाज नाय की काय नाय. बोलले, बाई, ह्यांच्या कानावर हे गेलं तर मामंजी सुटले माझ्या हातातून. त्या बोलल्या, हे बघा, आमच्या वाचनालयाचं सगळं आता इंटरनेटवर हाय, घरबसल्या ऐकायच्या गोष्टी, कोडी, छापून रंगवायची चित्रं, सगळ्या घरानं मिळून करायच्या गमती. पोरांसाठी केलंय, पण म्हाताऱ्या माणसाला नाय चालणार असं कुठं लिवलंय? त्यांनी आमाला सभासद करून घेतलं, प्राजूला फोनवर समजावलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसं झालं, आन् ती काडी पण फोनातली.

पहिल्या दिवशी फजिती. प्राजूनं गोष्ट लावली, एक पोरगी गोड गोड आवाजात सांगतेय, तर मामंजी बोलले, ही कोण आलीय, तिला जेवायला वाढ. आन् उठले दाराकडं. दुसऱ्या दिवशी कोडी लावली. हिरवं असताना पाण्यात उभं, पिवळं झालं की आडवं, सांगा कोण? मी विचार करतेय, प्राजू विचार करतेय, आन् म्हातारा दाराकडं जाता जाता थांबला, बोलला, भात, अजून काय. माझं नाव ज्यांना येत नाय ते! मंग बसले की खाली. पुढचं इचार, बोलले. तवापासून तिन्हीसांजेला आमची शाळा भरायची. कोडी झाली, कागदाचे पक्षी झाले, चित्रातला बैल त्यांनी हिरवा रंगवला आन् प्राजू हसली तर तिला बोलले, गवत खाऊन खाऊन झालाय गं तसा. दार विसरले. मी सुटले असं मला वाटलं.

मंग जूनमधी त्या वाचनालयानं नवीन घातलं, घरातल्या सगळ्यांनी मिळून बियाणं पेरा, रोज बघा, चित्र काढा. ट्रे घ्या, माती घ्या, मेथी नायतर मूग पेरा. ट्रे कुठला, बांधकामातलं लोखंडी घमेलं पडलेलं, ते घेतलं, खाली गेटमागं खणून माती आणली. मामंजींनी ती चिमटीत घेतली, हुंगली, बोलले, विहिरीकडच्या खाचराची दिसते. ताई, खरंच तिथलीच व्हती ती. मेथी त्यांनी बाजूला सारली, हे काय पोरखेळ हाय का, भात आण. मी माहेरी फोन करून मूठभर बियाणं मागवलं. पण पेरायला बसलो तर हात धरला माझा, बोलले, राब भाजला नाय, पेरतेस काय? मी म्हटलं बरं, उद्या पेरू. बडबडतात म्हटलं.

माझीच अक्कल बघा, भातवाल्याच्या घरातली बाई मी! आमच्याकडं पेरायच्या आधी वाफ्यावर पालापाचोळा, शेणी पसरून जाळतात, तण मरतं, राख मुरते, तवा कुठं रोप जोमानं येतं. तो राब. मला ठाऊक, पण फ्लॅटमधी ते कुणाच्या ध्यानात येतंय? फोनात तर तसलं काय सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दुपारी मी भाकऱ्या थापत व्हते, मामंजींनी खराटा मोडला, नारळाच्या शेंड्या घेतल्या, प्राजूची छापलेली चित्रं घेतली, देवाजवळची काडेपेटी घेतली आन् गॅलरीत घमेल्यावर राब भाजला. वर चादर वाळत घातलेली, ती पेटली. मी धूर बघून धावले तर म्हातारा हातानं चादर विझवतोय, बोटं भाजलीत, आन् तोंडावर कसलं समाधान! खालून वरून लोक जमा झाले, सेक्रेटरी ओरडतोय, अख्खी बिल्डिंग पेटवाल काय. मी बादली ओतली आन् तिथंच ओल्या लादीवर बसले. संपलं, म्हटलं. आता संपलं.

हे घरी आले, बोटांवरची पट्टी बघितली, काळी भिंत बघितली. ओरडले नायत, ओरडले असते तर मी बी भांडले असते. आश्रमाला फोन लावला, त्यांनी जागा रिकामी झाली की कळवतो सांगितलं. मी पाया पडले, प्राजू रडली, ते बोलले, पेटलेल्या घरात तुमाला सोडून कामावर जाऊ काय मी? रागारागानं मी ते बियाणं त्या राखेत फेकलं. म्हटलं, घ्या, झाला ना राब भाजून!

पण ती माती आन् ती राख. असं दाट, हिरवंगार रोप आलं की बघत राहावं. प्राजूनं फोटो वाचनालयाच्या बाईंना पाठवला. मामंजी पट्टी बांधलेल्या हातानं रोज पाणी शिंपडायचे, दाराकडं बघायचे पण नाय. आन् एका सांजेला आश्रमाचा फोन आला, जागा झालीय, उद्या आणा. हे फोन धरून उभे, आन् मामंजी घमेल्यापाशी बसलेले, त्यांनी रोपाला हात लावून बघितला, मान वर केली आन् लेकाला बोलले, रोप तयार झालं रं. लावणीला माणसं सांग.

ज्या माणसानं शेत विकायच्या कागदावर सही करताना पापणी नाय हलवली तो भिंतीला टेकला. तिकडून हॅलो हॅलो चाललंय. मंग बोलले, नाय हो, उद्या नाय जमणार. आमच्या घरात लावणी हाय. लावणी झाल्याबिगर आमच्यातलं माणूस गावाला जात नाय. झाली की आणतो.

त्या दिवशी तर टळलं. आता रोज सांजेला हेच प्राजूला बोलतात, लाव गं तुझं वाचनालय, आज काय हाय? आन् मामंजी इचारतात, लावणी कवा रं? हे सांगतात, माणसं मिळत नाय बा, मिळाली की करू. म्हातारा मान हलवतो, बोलतो, खरं हाय, माणसंच मिळत नाय आता.

पण रोप जून व्हायला लागलंय ताई, शेंडे पिवळे पडलेत, मामंजींची भूक पण कमी झालीय, आन् आश्रमवाले परत फोन करणारच. माहेरहून अजून मूठभर बियाणं मागवून मी डब्यात ठेवलंय. हे रोप गेलं की गच्चीवर पाण्याची बादली घेऊन मी स्वतः राब भाजणार, परत पेरणार. जमेल तितकं लांबवायचं, दुसरं काय हाय माझ्या हातात? भातवाल्याची सून मी, आन् रोज दिवा लावताना देवाला हात जोडून सांगते, बाबा, काय पण कर, पण आमची लावणी होऊ देऊ नकोस.