सासूबाईंचे सात वेढे

क्रिसांतोनं शेवटी सिगारेट घेतली नाही. पण हे मी अजून सांगितलेलंच नाही, असं धरा. फिलिपिन्समधल्या बातांगासच्या धक्क्यावर, बोटीच्या रांगेत, तो आणि त्याची सासू माझ्या पुढेच उभे होते.

"सासूबाई, वेपची, या ई-सिगारेटची, तापणारी कॉइल जळली. बारा दिवसांपूर्वी सोडलेली सिगारेट आज ओढावीच लागणार."

"नवी कर की. तार आणलीयस ना?"

"पहिल्यांदाच करतोय. बघा, चौथ्यांदा गुंता झाला."

"दे इकडे. चाळीस वर्षं बायकांचे केस कुरळे करतेय मी. किती वेढे?"

"सात. स्क्रूड्रायव्हरवर, एकमेकांना चिकटून."

"हं, घे."

"आई गं! दुकानातली कॉइल हिच्यापुढे झक मारेल."

"आनंदानं रडू नकोस. रस शोषायला तिच्यात कापूस भर."

बोटीचा भोंगा वाजला. सासूबाई बंदर अधिकाऱ्याच्या खिडकीशी गेल्या.

"माननीय बंदर अधिकारी, जावयाचा कापूस भरून होईपर्यंत बोट थांबवण्यात यावी, ही नम्र विनंती."