मंगळवारचं चाइरो

वाल्तेर : मग? आली का चव?

नोर्का : नाही.

वाल्तेर : पहिल्या घासाला जीभ भाजली असेल. अजून घेऊन बघ.

नोर्का : अर्धा वाडगा संपवलाय मी. हे ते नाही.

वाल्तेर : मला तर झकास लागतंय. मटण आहे, गहू आहे, सुकवलेले काळे बटाटे आहेत, पुदिना आहे. चाइरोच्या सूपमध्ये आणखी काय असतं?

नोर्का : ते दाट होतं. काळपट. चमचा उभा राहायचा त्यात.

वाल्तेर : शाळेतसुद्धा जात नव्हतीस तू तेव्हा, ताई. त्या वयात काहीही उभं राहतं.

नोर्का : त्याचीच भीती वाटते रे. बाबांना जाऊन महिना झाला. त्यांची माझ्याकडची सगळ्यात जुनी आठवण ही. हीच खोटी निघाली, तर बाकीच्यांचं काय?

वाल्तेर : म्हणून एवढ्या लांब आणलंस होय मला! मला वाटलं, तुला भूक लागलीय.

(खानावळीच्या मालकीणबाई एमेलिंदा मक्याच्या चिचाचा जग घेऊन टेबलापाशी येतात.)

एमेलिंदा : चिचा ओतू का? अगं, वाडगा अर्धा तसाच? काय कमी पडलं, पोरी?

वाल्तेर : हिचं म्हणणं, चाइरो पूर्वीसारखं नाही.

एमेलिंदा : चूल तीच, वाटायचा दगड तोच, आणि हात माझ्या आईचा उचललेला. अख्ख्या आरेकिपा शहरात असं कुणी म्हटलं नाही मला!

नोर्का : चूक माझीच असेल, बाई. बाबा आणायचे मला. फोर्तुनातो काल्लाता. लोकरीच्या गिरणीत होते.

एमेलिंदा : फोर्तुनातो! कानावर टोपी कलती ठेवणारा? कसा आहे?

वाल्तेर : गेले ते. गेल्या महिन्यात.

एमेलिंदा : अरेरे... आणि तू ती पोर. कुठे बसायचात, आठवतं?

नोर्का : आत, चुलीपाशी. बुटक्या बाकावर. पायांत गिनीपिग घुटमळायचे. बाहेर एवढी गर्दी आणि आम्हीच तेवढे आत! केवढा मान वाटायचा.

एमेलिंदा : मान कसला! लपून बसायचा तो.

वाल्तेर : कुणापासून?

एमेलिंदा : गिऱ्हाइकांपासून. त्याची सुट्टी बुधवारी. बुधवारी आमच्याकडे मक्याच्या भरडीचं सूप, ते त्याला मुळीच चालायचं नाही. मग आईच्या मागे लागून मंगळवारचं चाइरो ठेवून घ्यायचा. शिळं वाढताना कुणी पाहिलं असतं, तर आईचं नाकच कापलं गेलं असतं.

नोर्का : म्हणजे आम्ही बुधवारी यायचो? पण चाइरो म्हटल्यावर मी मंगळवारच धरला.

वाल्तेर : कोण नाही धरणार? प्रत्येक वाराचं सूप ठरलेलं; सूप बघून वार सांगतात इथे.

एमेलिंदा : गहू रस्सा पिऊन घेतो ना रात्रभर. दाट होतं, काळंही पडतं. उद्या ये, झाकून ठेवते.

वाल्तेर : संध्याकाळची बस आहे, ताई.

नोर्का : तू जा.

वाल्तेर : जा काय? मी पाळण्यात होतो, म्हणून मला कधी आणलंच नाही त्यांनी. बाई, दोघांचं ठेवा. गरम करून द्याल ना?

एमेलिंदा : देईन. तो मात्र पहिला चमचा गारच घ्यायचा. डोळे मिटून.

नोर्का : हे मला माहीत नव्हतं... बसा ना जरा.