थोरली अक्षरं

कोल्हापुरातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात निशा आपला प्रिंटर पायाशी ठेवून बसली होती. तिच्या पुढं नंबर होता एका म्हाताऱ्याचा. टेबलावरच्या जुन्या पेंटियम कॉम्प्युटरच्या डब्यावरनं त्याचा हात काही निघत नव्हता. दुकानदारानं मशीन चालू केलं.

"आप्पा, ह्यात लिनक्स हाय. सगळं पुसून विंडोज टाकतो. मग कुणालाबी चालवता येईल."

"पुसायचं न्हाय! पंखा वाजतोय, तेवढा बदला."

"अवो, पण स्क्रीनवर निम्मी बटणंच न्हाईत. कुणी केलंय हे?"

"लेकानं. रुद्रेशनं. मला दिसत न्हाय म्हणून अक्षरं थोरली केली. 'अक्काला पत्र' हे एक बटण, माझ्या लेकीला लिवायला; 'बंद करा' हे दुसरं. बाकीचं काढून टाकलं."

"मग त्यालाच घिऊन या की."

"गेला तो. दिवाळीच्या तोंडावर."

"अरारा! काय झालतं?"

"रक्ताचा कॅन्सर. डॉक्टरनं त्याला उन्हाळ्यातच सांगितलं हुतं. आमाला पार शेवटी कळलं."

"आणि हे कवा केलं त्यानं?"

"त्याच उन्हाळ्यात. रजा काढून घरात बसायचा. मला शेजारी बसवून रोज तेच तेच करून घ्यायचा. एक दिवस मी खवळलो की त्याच्यावर."

"का वो?"

"म्हटलं, तू घरात असताना मी ह्या वयात हे कशाला शिकू?"

"मग? काय म्हणला?"

"अक्षरं अजून जरा थोरली केली."