नानांनी आवळलेला स्क्रू

माझ्यापुढे स्कीचं नाव काढू नका. जर्मनीत प्रोजेक्टवर होतो तेव्हा दुकानं पालथी घालून मी ताज्या बर्फावर, टणक बर्फावर, कुठेही चालेल अशी जोडी निवडली होती. बूट धरून ठेवणारं बाइंडिंग दुकानदाराने माझं वजन, वय विचारून बसवून दिलं. मग गुलमर्गला जायच्या आधी सदाशिव पेठेत सासुरवाडीला राहिलो आणि तिथेच घात झाला. माझे सासरे, नाना, कारखान्यातून रिटायर झालेत. दिसेल तो स्क्रू आवळतात.

"बूट निसटतोय हो यातून!" नाना म्हणाले.

"पडल्यावर निसटायलाच हवा, नाना. नाहीतर पाय मोडेल. आवळू नका हं!"

"पडल्यावर निसटतो? आणि हे तुम्ही पैसे देऊन घेतलंत?"

मी अंघोळीला गेलो तेवढ्यात त्यांनी स्क्रू आवळून टाकले. सांगायचं तरी! मला कळलं ते थेट गुलमर्गला. पहिल्याच उतारावर पडलो, स्की बर्फात रुतली, बूट काही सुटला नाही आणि गुडघा फिरला.

प्लास्टर घालून, कुबड्यांवर परत आलो. दार नानांनीच उघडलं. माझ्या पायाकडे बघतील तर शपथ! आधी पिशवीतून स्की काढली, बाइंडिंग गदागदा हलवून पाहिलं आणि आत हाक मारली, "अगं, ऐकलंस का? जावई एवढे आपटले, पण स्क्रू तसूभर हलला नाही!"

सासूबाई बाहेर येऊन मला म्हणतात, "बघा! आणि तुम्ही त्यांना नको नको म्हणत होतात."