नवमीला हत्यारं पूजेत, गाडी रस्त्यावर

नाव कुमुद, राहणार तरसाली, धंदा सायलेन्सरचा. हसू नका, खरंच सांगते, बडोद्यात जुन्या गाड्यांची हौस असलेल्या कुणालाही विचारा, तो म्हणेल सायलेन्सरवाल्या बेनकडे जा. आमचे मूळचे लोक साताऱ्याकडचे, पणजोबा महाराजांच्या फौजेत घोडदळात आले आणि इथलेच झाले, आजोबा घोडे सोडून सरकारी मोटारखान्यात लागले, आणि आमचे दादा, म्हणजे वडील, त्यांनी नागरवाड्यातली खोली सोडून इथे पत्र्याचं गॅरेज टाकलं, पुढे गाड्या आणि मागे आम्ही. धाकटा भाऊ विलास, तो गाड्यांचं काम शिकला, आणि मी नुसतं बघत बसणारी नव्हते ने, मीही शिकले. लग्न झालं होतं माझं, टिकलं नाही, ते सांगण्यासारखं नाही, सोडा. दादा गेल्यावर विलासने क्लच, गिअरबॉक्स, खालचं सगळं घेतलं आणि धुराच्या नळ्या माझ्याकडे आल्या.

आता आमच्या घरची रीत सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. खंडेनवमीला सकाळी पणजोबांची तलवार पाटावर मांडायची आणि तिच्या शेजारी पाने, पक्कड, हातोडी, जॅकचा दांडा, माझी वेल्डिंगची टॉर्च, सगळं धुऊनपुसून ठेवायचं, हळदकुंकू, झेंडू, आणि एकदा हात जोडले की दसऱ्याला उत्तरपूजा होऊन आई अक्षता टाकेपर्यंत कुणी हत्याराला बोट लावायचं नाही. दादासुद्धा लावायचे नाहीत. आई ह्या बाबतीत फार कडक, एकदा ऐन नवमीला एकाची गाडी आमच्या दारातच बंद पडली तर आई त्याला म्हणाली, बस बाबा, चहा पी, उद्या ये. तो बिचारा रिक्षाने गेला. ज्या गाडीचं काम अर्धं असेल तिची चावीही त्याच पाटावर ठेवायची, म्हणजे देवीची झाली, कुणी नेणार नाही.

त्या वर्षी गॅरेजात हेमंतभाईंची गाडी होती. हेमंतभाई फतेगंजचे, नोकरीतून निवृत्त झालेले, माणूस लाख, पण गाडीचं नाव काढलं की कॉलेजातलं पोर. दोन दारांची जुनी जपानी स्पोर्ट्स गाडी, तरुणपणी कुणाची तरी बघितलेली, ती म्हातारपणी शोधून आणली. इंजिन चांगलं, मागचं सगळं थकलेलं. विलासने दुसऱ्या गाडीचा दणकट गिअरबॉक्स बसवला, मग जुना शाफ्ट पुरेना, नवीन करून घेतला. शाफ्ट म्हणजे गाडीच्या पोटाखालून जाणारा लांब लोखंडी दांडा, इंजिनाचा जोर मागच्या चाकांना नेतो तो. मी जुना जड मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर काढणारा नळ्यांचा जुडगा, काढून चार नळ्यांचा नवा वेल्ड केला, आणि काय सांगू तुम्हाला, त्या गाडीला असा भरीव आवाज आला की मी स्वतःच दोनदा चालू करून ऐकला. पोरं येतात माझ्याकडे, बेन सायलेन्सरमधून फटाके फुटले पाहिजेत म्हणतात, मी म्हणते दिवाळीत ये.

तर नवमीची सकाळ. मी आत पुरण घाटत होते आणि विलास गाडीखाली. शाफ्टचं मागचं टोक त्याने आवळलं होतं, पुढच्या टोकाचे चार बोल्ट नुसते हाताने फिरवून लावले होते, आणि आई दारात येऊन उभी, मुहूर्त टळतोय, दे ते पाने. विलास म्हणाला, आई पाच मिनिटं, थोडंच राहिलंय. आई म्हणाली, देवीला पाच मिनिटं सांगतोस होय, आण इकडे. तिला वाटलं थोडं म्हणजे पुसणं-बिसणं. आणि वर म्हणाली, ती गाडी खाली घे, पूजेला अशी लंगडी नको, चाकांवर उभी कर. त्याने उभी केली. आईने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हा एवढा मोठा झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, चावी पाटावर ठेवली. विलास निश्चिंत, चावी देवीपाशी आहे.

हेमंतभाईंकडे दुसरी चावी होती. आणि हे कुणाच्या डोक्यात यायचं, तुम्हीच सांगा, की गुजराती माणसाला हार घातलेली, स्वस्तिक काढलेली गाडी म्हणजे तयार झालेली गाडी. शोरूममधून नवी गाडी अशीच देतात ने. दसऱ्याला सकाळी मी फाफडा-जलेबीच्या लाइनीत होते, विलास आपट्याची पानं आणायला गेलेला, आणि हेमंतभाई आले, आईला म्हणाले, माजी, गाडी तैयार थई गई ने, चालो, माताजीनां दर्शन करी आवीए, म्हणजे देवीला जाऊन येऊ. आमची आई, सत्तरी उलटलेली, नवी साडी नेसलेली, पाटावरची चावी जागच्या जागी, आणि तिला कोण कधी गाडीत बसवतं. बसली.

मी परत आले तर फाटक उघडं, गाडी नाही, लिंबं चिरडलेली. आईला हाक मारली, उत्तर नाही. समोरचा इस्त्रीवाला म्हणाला, माजी तो गई, काका की गाडी में मस्त बैठके गई. तेवढ्यात विलास आला आणि त्याचं तोंड बघून मला कळलं की काहीतरी भयंकर आहे. म्हणाला, ताई, पुढचे बोल्ट आवळलेले नाहीत. माझ्या हातातली जलेबी तिथेच पडली. कारण पुढचं टोक सुटलं तर ते रस्त्यात रुततं आणि पळती गाडी त्या दांड्यावर उचलली जाते. हळू असेल तर आपटते. वेगात असेल तर मी बोलत नाही.

आईचा फोन देवघरात चार्जिंगला. हेमंतभाईंना लावला तर उचलेनात. हेमंतभाईंनी घरी नेलं असेल नाहीतर देवीला, म्हणून विलासची मोटरसायकल फतेगंजच्या रस्त्याला, माझी स्कूटर देवीच्या मंदिराकडे. दसऱ्याची गर्दी, चौकाचौकात फाफड्याचे मंडप, आणि मी हॉर्न देत, लोक शिव्या देतायत, द्या म्हटलं. मंदिरापाशी फुलवाली म्हणाली, हां, हारवाळी गाडी ने, आत्ताच गेली, काका माजींना सांगत होते हायवेवर एक चक्कर मारून आणतो. मी स्कूटर तशीच वळवली. गल्लीत गाडी हळू चालते म्हणून ते बोल्ट तग धरून होते. हायवेला हेमंतभाई गाडी खेचणार, हे मला देवाने सांगायची गरज नव्हती.

हायवेच्या अलीकडे सर्व्हिस रोडला आले आणि आवाज आला. माझ्याच नळ्यांचा, हजारात ओळखेन. पण त्याच्याखाली आणखी एक आवाज, गिअर बदलला की ठक, पुन्हा ठक. मी हॉर्न दिला, ओरडले, तर हेमंतभाईंनी आरशात बघून हात हलवला, त्यांना वाटलं बेन दसऱ्याचा रामराम करतेय. आईनेही खिडकीतून हात हलवला. मला रडू यायला लागलं आणि राग पण, दोन्ही एकदम. पुढे चढ संपला की हायवे. मी स्कूटर पिळली, बाजूने पुढे घुसले आणि सरळ त्यांच्या तोंडासमोर आडवी घातली. त्यांनी ब्रेक मारला. माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबली गाडी.

मीही नव्या साडीत होते, तशीच रस्त्यावर आडवी होऊन गाडीखाली बघितलं. दोन बोल्ट गेलेले होते. तिसरा शेवटच्या आट्यावर लोंबत होता, सगळा दांडा चौथ्याच्या जिवावर. उठले आणि आईला वाट्टेल ते बोलले, भर रस्त्यात, ती नारळ मांडीवर धरून बसलेली. म्हटलं तुझा मुहूर्त, तुझं सोवळं, आज तुझं पोतं उचलून न्यावं लागलं असतं मला. असं आईला बोलतात का, पण बोलले. हेमंतभाई खाली वाकून बघून आले आणि पांढरेफटक होऊन दुभाजकावर बसले, त्यांना पाणी द्यायला लागलं.

मी फोन केला तसा विलास पोचला. रिकाम्या हाताने. हत्यारं पाटावर ना, उत्तरपूजा कुठे झाली होती. तो वाकून बघून आला आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, आईसमोर उभा राहून विचारतो, आई, पाना आणू का. मला त्याला एक लगावावीशी वाटली. आई गाडीतून उतरली, पदर नीट केला आणि म्हणाली, आण. कुंकू लागलेला पाना आला, दुकानातून बोल्ट आले, विलासने तिथेच रस्त्यावर सगळं आवळलं आणि गाडी एकटा घेऊन आला. आई माझ्या स्कूटरवर मागे बसली. एरवी कधी धरत नाही, त्या दिवशी तिने माझी कंबर दोन्ही हातांनी धरली आणि घरी येईपर्यंत सोडली नाही. मी माफी मागितली नाही, तिनेही नाही.

हेमंतभाई अजून येतात, गाडीही छान चालते, दसऱ्याला मात्र रिक्षाने येतात. आईला आता कमी दिसतं. रीत चालू आहे, बंद करा म्हणायची माझी छाती नाही आणि इच्छाही नाही. गेल्या नवमीला ताट तयार, पाहुणे बसलेले, भटजींना पुढे आणखी दोन घरं, आणि आई भिंतीला हात लावत गॅरेजात आली, विलासला म्हणाली, खरं सांग, काय आवळायचं राहिलंय. तो म्हणाला, आहे थोडं, मागच्या ब्रेकचं. भटजी म्हणाले, आजी, मुहूर्त जातो. आईने स्टूल ओढलं, गाडीपाशी बसली, देवघराकडे तोंड करून म्हणाली, थांब गं बाई जरा, पोरांचं काम चाललंय. आणि विलास गाडीखालून बाहेर येईपर्यंत तिने कुणाला दिवा लावू दिला नाही.