चौथा पाय

...नाही, पण मला एक सांगा, कपाटाला मूठ नको? अहो, चाळीस वर्षं सुतारकाम केलं मी, लोकांनी लाकडावरून हुज्जत घातली, पॉलिशवरून घातली, पण 'मिस्त्री, मूठ तेवढी लावू नका' असं म्हणणारा एक महाभाग भेटला नाही. आणि इथे लेकीच्या घरात अख्खी भिंत म्हणजे कपाट! पांढरंफेक, गुळगुळीत, ना मूठ, ना कडी. उघडायचं कसं? तर म्हणे, दाबायचं. कुठे दाबायचं? ते ज्याचं त्यानं ओळखायचं. मी रोज सकाळी एका बनियनसाठी भिंत चाचपत फिरतो, आणि उघडतं ते भलतंच, त्यातून इस्त्रीची फळी येते ती थेट गुडघ्यावर. देखणं आहे हो, मी कुठे नाही म्हणतोय!

चार महिने झाले याला. म्हणजे ही गेल्यापासून. ही म्हणजे आमची बायको. ती गेली आणि लेक म्हणाली, बाबा, एकटे कशाला राहता, चला आमच्याकडे. वर्कशॉपला कुलूप लावलं, हत्यारांची पेटी आणि दोनतीन चांगली लाकडं तेवढी घेतली, आलो. लेक आमची डिझायनर आहे. घरातल्या वस्तू कशा दिसाव्यात ते ती ठरवते. त्या वापरायच्या कशा, ते ठरवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

घड्याळाचं घ्या. आकडे नाहीत, काटा एकच. जावईबुवांना विचारलं, किती वाजले? जावई माणूस सज्जन, आवाज कधी चढत नाही त्यांचा... "बाबा, त्यावरून साधारण अंदाज घ्यायचा." अहो, अंदाज मला खिडकीतून बघूनही येतो की! मला साडेआठची गोळी घ्यायची असते, साधारण गोळी कशी घेऊ? बरं, जेवायला बसावं तर टेबलावर तीन दगडी गोटे. एकात मीठ, एकात मिरपूड आणि तिसरा नुसताच, शोभेला. मी तो तिसरा आठवडाभर भाजीवर हलवत होतो. मला वाटलं, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, लेकीनं गुपचूप रिकामा ठेवला असेल. तिची माया समजून अळणी खाल्लं मी सात दिवस. देखणा आहे हो गोटा, मी कुठे नाही म्हणतोय!

मग एका रविवारी तिनं मला ही सगळी मंडळी येतात कुठून ते दाखवायला नेलं. दुकान म्हणजे काय सांगू, सामान कमी आणि मोकळी जागाच जास्त. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये मधोमध एक दिवा. पलीकडे एक बाक. पाय दुखत होते, मी आपला टेकलो. लगेच तिथली मुलगी धावत आली. "काका, ते बसायचं नाहीये." म्हटलं, मग? "ते बघायचंय." म्हटलं बरं, उभ्यानं बघतो. तिनंच मग समजावलं, अगदी गोड आवाजात, की काका, याला मिनिमल म्हणतात. मी विचारलं, म्हणजे नक्की काय गं पोरी? तर म्हणाली, "काही नाही हो, सोपंय. जे लागत नाही ते काढून टाकायचं."

आता ती सहज बोलून गेली. पण तुम्हाला सांगतो, घरी येईपर्यंत ते वाक्य काही माझ्या डोक्यातून गेलं नाही. कारण लेकीच्या घरात मी काय करतो? काही नाही. भाजी चिरतो म्हटलं, बाबा, तुम्ही बसा. नळ गळतोय, बघतो म्हटलं, बाबा, तुम्ही बसा. सगळे प्रेमानंच म्हणतात, तक्रार नाही. पण जे लागत नाही असं त्या घरात काय काय आहे, याची मनातल्या मनात यादी करत गेलो, तर फिरून फिरून माझ्यापाशीच यायला लागली ती. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणि तशात ती खुर्ची घरात आली.

लेकीनं स्वतः आखलेली, तिच्या कंपनीच्या कारखान्यात बनलेला हा पहिला नमुना. वर्षभर खपली होती पोरगी त्यावर. गुरुवारी कंपनीचे साहेब घरी येऊन बघणार, पसंत पडली तर तिच्या नावानं खुर्ची बाजारात जाणार, नाही तर वर्ष पाण्यात. बुधवारी सकाळी ती दोघं कामावर गेली, मी खुर्चीपाशी गेलो, बघतो तर काय... पाय तीन! दोन पुढे, एक मागे. म्हटलं, कारखान्यातल्या लोकांनी घाई केली, एक पाय लावायचा राहिला, आणि कामाच्या रगाड्यात पोरीच्याही लक्षात आलं नाही. उद्या साहेब बसणार आणि आपटणार! आता मला सांगा, बाप कशासाठी असतो? मला दुसरं काही येत नाही, पण खुर्चीला पाय मी झोपेतही लावीन.

पेटी काढली. पलंगाखालचं सागाचं लाकूड काढलं. चार महिन्यांनी रंधा हातात घेतला, पहिली सालपटं निघाली, आणि काय सांगू, त्या वासानं डोळ्यांत पाणी आलं. मागचा पाय जरा कडेला सरकवला, शेजारी नवा बसवला, सरस लावला, सांधा असा की नख शिरणार नाही. खुर्ची खाली ठेवली... आणि ती डुगडुगली.

कारण फरशी! त्या घरातली फरशी मुद्दाम उंचसखल आहे, तिला म्हणे कॅरॅक्टर असतं. मी नव्या पायाचं टोक जरासं उतरवलं. डुगडुग. दुसऱ्याचं उतरवलं. पलीकडून डुगडुग. अहो, ही चूक शिकाऊ उमेदवार पहिल्या महिन्यात करतो आणि कान पिरगाळून घेतो! पण हल्ली माझा हात थरथरतो, हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तुम्हीही बोलू नका. इकडून बोटभर, तिकडून बोटभर, करवत आणि मी, मी आणि करवत... दुपारी चारला खुर्ची अगदी स्थिर झाली. फक्त पाटाएवढी उरली होती. देखणी होती हो, मी कुठे नाही म्हणतोय!

लेक आली. दारात चपलाही काढल्या नाहीत. ओरडली नाही, रडली नाही, भुशातच खाली बसली.

"बाबा, हिला तीनच पाय होते."

म्हटलं, तेच ना, म्हणून तर...

"तुमच्या वर्कशॉपची जमीन कशी होती, आठवतं? खड्ड्याखड्ड्यांची. मला बसायला तुम्ही स्टूल केलं होतंत. मी विचारलं होतं, पाय तीनच का. तुम्ही काय सांगितलं होतंत?"

आठवलं. बाळा, तीन पाय कुठल्याही जमिनीवर टेकतात, चौथा आला की डुगडुग सुरू. मीच सांगितलं होतं. पाच वर्षांची होती ती. तिनं एवढी वर्षं ते जपून ठेवलं, त्यावर खुर्ची उभी केली, आणि मी, ज्यानं सांगितलं तो, साफ विसरलो.

गुरुवारी साहेब आले. तिनं कागदावरची चित्रं दाखवली. कागदावर कोण बसणार? त्यांनी दुसऱ्या कोणाचा तरी दिवा पसंत केला आणि चहा घेऊन गेले. मला वाटलं, आता तरी बोलेल. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं हो! मी मधेमधे जाऊन उभा राहायचो तिच्यासमोर, बोल म्हणून. तर म्हणे, बाबा, तुम्ही बसा.

नवीन नमुना परवा आला. साहेब पुन्हा कधी येतील, येतील की नाही, कोणालाच माहीत नाही. पण खुर्चीच्या पाठीला एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली, लेकीच्या अक्षरात, मोठ्या ठळक अक्षरांत, चष्म्याशिवाय वाचता येईल अशी: 'बाबा, हे असंच आहे.' वाचली. दुपारी बघतो तर गोट्यावर चिठ्ठी. घड्याळावर चिठ्ठी. बाबा, हे असंच आहे. बाबा, हे असंच आहे. पोरीनं एका दिवसात सगळं घर माझ्यापासून सुरक्षित करून टाकलं!

आणि आज सकाळी दाढी करायला गेलो. तिथला आरसा तसला, एक बाजू वाकडी, कड तुटल्यासारखी, तोही मुद्दाम केलेला. त्यात मी. पांढरे खुंट, लोंबलेला गळा, हातात थरथरणारा वस्तरा. आणि हनुवटीच्या बरोब्बर खाली, काचेवर चिठ्ठी... 'बाबा, हे असंच आहे.'

बराच वेळ बघत उभा राहिलो. मग म्हटलं, बरं बाई. आणि दाढी केली.